चाळीस रुपयांपाशी थांबून

हा लेख भराभर वाचायचा नाही. कुणी हाक मारणार नाही अशी वेळ निवडा, पहाटेची मिळाली तर उत्तम. खुर्चीत बसा की जमिनीवर, पाठीला आधार असू द्या. मधूनमधून मी थांबायला सांगेन. तेव्हा कागदावरची नजर काढा आणि जे वाचलं ते मनात थोडं मुरू द्या. पुढचा परिच्छेद कुठे पळून जात नाही.

मननासाठी आज एक आयुष्य घेतलं आहे, आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचं. जन्म २ ऑगस्ट १८६१, राडुली गावी. पुढे खुलना जिल्ह्यात गेलेलं हे गाव आज बांगलादेशात आहे. मृत्यू १६ जून १९४४, कोलकात्यात. राय रसायनशास्त्रज्ञ होते, औषधांच्या कारखान्याचे संस्थापक होते, आणि दुष्काळात, महापुरात वर्गणी गोळा करणारे, जुन्या कपड्यांचे गठ्ठे बांधून पाठवणारे स्वयंसेवक होते. एक संपवून त्यांनी दुसरं धरलं असं झालं नाही. कारखाना सुरू झाला तेव्हा प्रयोगशाळा चालू होती, आणि पुराच्या मदतीची कचेरी तर ते शिकवत त्या सायन्स कॉलेजातच होती.

पन्नाशीच्या आसपास आपल्यातल्या अनेकांना एक प्रश्न गाठतो. शिकलो एक, पोटासाठी केलं दुसरं, आता समाजासाठी काही करावंसं वाटतं, तर ते कुठून सुरू करायचं? मागचं सगळं पुसून नव्याने? रायांचं आयुष्य या प्रश्नाजवळ ठेवून पाहू. उत्तराची घाई नको.

आधी कोलकात्यातल्या एका घरात जाऊ.

१९०१ च्या डिसेंबरात कोलकात्यात काँग्रेसचं अधिवेशन झालं. ते आटोपल्यावर दक्षिण आफ्रिकेहून आलेले बत्तीस वर्षांचे बॅरिस्टर गांधी महिनाभर गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे राहिले. गोखले तेव्हा पस्तीस वर्षांचे. फर्ग्युसन कॉलेजात वीस वर्षं तुटपुंज्या वेतनावर शिकवण्याचं व्रत ते पुरं करत आले होते. प्रफुल्लचंद्र जवळजवळ शेजारीच राहत आणि वरचेवर गोखल्यांकडे येत. गोखल्यांनी पाहुण्याशी त्यांची ओळख करून दिली. पदव्या सांगितल्या नाहीत, शोधनिबंध सांगितले नाहीत. सांगितलं ते असं की या प्राध्यापकांना महिना आठशे रुपये मिळतात, त्यातले फक्त चाळीस ते स्वतःसाठी ठेवतात, बाकीचे सार्वजनिक कामाला देतात. लग्न केलेलं नाही आणि करायचंही नाही. गांधींच्या मनात हे असं रुतलं की वीस-पंचवीस वर्षांनी आत्मकथा लिहिताना त्यांनी ही ओळख आकड्यांसकट नोंदवली. शिवाय हेही नोंदवलं की तेव्हाचे राय आणि आताचे राय यांत फारसा फरक नाही; तेव्हा अंगावर देशी गिरणीचं कापड असे, आता खादी असते, इतकंच.

इथे पहिल्यांदा थांबा.

आठशेतले चाळीस म्हणजे विसावा भाग. आकडा पाहून दडपण येईल, ते येऊन जाऊ द्या. आपल्या घरी मुलं आहेत, आईवडील आहेत, घराचे हप्ते आहेत. राय अविवाहित होते आणि त्यांच्या गरजा फार थोड्या होत्या. त्यांचा आकडा आपल्याला लागू करून पाहण्यात अर्थ नाही, आणि न जमल्याचं दुःख करण्यात तर मुळीच नाही. मला त्या आकड्यापेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. आपण आधी खर्च करतो, मग साठवतो, आणि महिन्याच्या शेवटी काही उरलं तर देतो. रायांनी आधी एवढंच ठरवलं की आपल्याला किती लागतं. ते ठरल्यावर बाकीच्याचं काय करायचं याबद्दल त्यांना महिन्यागणिक स्वतःशी भांडावं लागलं नाही.

डोळे मिटून स्वतःला विचारा: मला किती लागतं, हे मी कधी ठरवलं आहे का? रक्कम आत्ता काढू नका. ठरवलं आहे की नाही, एवढंच पाहा.

हे ठरवण्याची सवय त्या माणसाला कुठून लागली असेल? मला त्यांच्या आजारपणात तिचं मूळ दिसतं. कोलकात्याच्या हेअर स्कूलमध्ये शिकत असताना, तेरा वर्षांच्या आसपास, त्यांना जबर आमांश झाला. शाळा सुटली. दोन वर्षं त्यांनी घरी काढली, वडिलांच्या ग्रंथसंग्रहात. पुष्कळ वाचलं, पण पोट कायमचं अधू झालं. अपचन आणि निद्रानाश जन्मभर सोबतीला राहिले. अशा माणसाला जेवणात, झोपेत, कामाच्या तासांत मोजमाप ठेवावंच लागतं. मोजकं खायचं, ठरल्या वेळी वाचायचं, संध्याकाळी मैदानात मित्रांबरोबर मोकळ्या हवेत बसायचं. शरीराने लादलेली शिस्त त्यांनी पुढे पैशालाही लावली असावी, असं मला वाटतं.

तुमच्याही आयुष्यात असं काही असेल. न मागता आलेली एखादी मर्यादा: दुखणं, जबाबदारी, हुकलेली संधी. ती क्षणभर समोर आणा आणि तक्रार न करता पाहा. तिने तुम्हाला काही मोजायला शिकवलं का?

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. १८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले. अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली शिकून १८८७ मध्ये डी. एस्सी. झाले. १८८८ मध्ये परतले तेव्हा हिंदी माणसाला शिक्षणखात्याच्या वरच्या श्रेणीत जागा जवळजवळ मिळतच नसे. जवळजवळ वर्षभर नोकरीवाचून गेलं. तेव्हा जगदीशचंद्र बोस पतिपत्नींनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात महिना अडीचशे रुपयांची जागा मिळाली. त्याच शिक्षणाच्या इंग्रज माणसाला मिळालं असतं त्याहून हे कितीतरी कमी होतं. अपमान त्यांना बोचला आणि तो त्यांनी बोलूनही दाखवला. मग ते कामाला लागले.

पहिलं काम कोणतं घेतलं, ते पाहण्यासारखं आहे. तूप आणि मोहरीचं तेल! एडिंबरोचा डॉक्टर बंगालच्या स्वयंपाकघरातली भेसळ तपासायला बसला. भेसळ ओळखायची तर आधी शुद्ध वस्तू कशी असते ते कळायला हवं. म्हणून गाय समोर दोहून घ्यायची, लोणी समोर काढायचं, तेल समोर गाळून घ्यायचं. या कामात त्यांची काही वर्षं गेली. युरोपातल्या कुणाला त्याचं अप्रूप वाटेल अशी आशा नव्हती. पण ज्यांच्या ताटात ते तूप पडत होतं, त्यांना त्याची गरज होती.

मग १८९५ साल. पाऱ्यावर पातळ नायट्रिक आम्ल, तेही थंड अवस्थेत. रायांना हवा होता दुसराच पदार्थ, पुढच्या एका प्रक्रियेतली केवळ पायरी म्हणून. भांड्यात पाऱ्यावर पिवळे स्फटिक जमलेले दिसले.

या भांड्यापाशी थोडा वेळ बसू. खाली पाऱ्याची चकाकी, वर आम्ल, मध्ये पिवळा थर. अपेक्षेत नसलेली गोष्ट समोर आली की हाताची पहिली ओढ असते ती बाजूला सारून ठरलेल्या गोष्टीकडे जाण्याची. रायांनी तसं केलं नाही. स्फटिक वेगळे काढले, तपासले, आणि ते मर्क्युरस नायट्राइट निघालं. शोधनिबंध १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. नायट्राइटांवरचं काम पुढे अनेक वर्षं चाललं आणि त्यातून त्यांच्या विद्यार्थ्यांची एक पिढी तयार झाली. नीलरत्न धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, मेघनाद साहा ही त्यांच्या शिष्यवर्गातली नावं. या मुलांची कीर्ती वाढली याचा त्यांना स्वतःच्या शोधाइतकाच अभिमान होता. ज्ञानातूनही त्यांनी स्वतःपुरतं थोडंच ठेवलं.

तुमच्या कामात गेल्या काही वर्षांत असा एखादा पिवळा थर दिसला होता का? ठरवलेलं नव्हतं, पण समोर आलं: एखाद्या सहकाऱ्याची अडचण, एखादी वस्ती, अवचित विचारलेला प्रश्न. तुम्ही तिथे थांबलात, की पुढे गेलात? पुढे गेला असाल तरी हरकत नाही. तो आठवतोय, इतकं आत्ता पुरे.

आता हाडांकडे येऊ. या आयुष्यातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून इथे रेंगाळतो.

१८९२ च्या सुमारास, ९१ अप्पर सर्क्युलर रोडवरच्या भाड्याच्या घरात, पदरच्या सुमारे सातशे रुपयांवर रायांनी औषधं बनवायला सुरुवात केली. शिकलेली बंगाली मुलं पदवी घेऊन कारकुनीच्या मागे धावतात आणि साधी औषधी द्रव्यंसुद्धा विलायतेहून येतात, हे त्यांना सहन होत नव्हतं. सोडियम फॉस्फेट करायचं ठरलं. त्याला फॉस्फरस लागतो आणि तो जनावरांच्या हाडांत भरपूर असतो. कोलकात्यात हाडांना तोटा नव्हता. खाटकांकडून पोती भरभरून हाडं आणली आणि घराच्या गच्चीवर वाळत घातली. हिवाळ्याचे दिवस, पाऊस यायचं कारण नव्हतं. पण तो आला. हाडांना चिकटलेलं मांस कुजलं, किडे पडले, दुर्गंधी सुटली. कावळ्यांचे थवे जमले आणि शेजारच्या सोवळ्या घरांवर हाडाचे तुकडे टाकू लागले. शेजारी संतापले. हाडं हलवणं भाग होतं. माणिकतल्याला एक मोकळी जागा मिळाली, तिथे नेऊन ती भट्टीत पेटवली. रात्री एवढी आग आणि असा वास पाहून पोलीस आले. इथे प्रेतं तर जाळत नाहीत ना, असा संशय! बांबूने ढिगारा ढोसून खात्री झाली तेव्हा कुठे ते गेले. मागे उरली पांढरी राख. तिच्यावर गंधकाम्ल, मग सोडा, आणि शेवटी स्वच्छ पांढरं औषधी मीठ.

थांबा. या राखेवर मन स्थिर करा.

ब्राह्मो समाजाच्या सुधारक विचारांचे असले तरी राय ज्या समाजात वाढले, त्यात हाड हातात धरणं म्हणजे विटाळ. त्यांच्या लेखी भट्टीतून निघालेल्या हाडात फक्त कॅल्शियम आणि फॉस्फेट उरलेलं असतं, दुसरं काही नाही. वर्गात शिकवताना ते जळलेल्या हाडाची पूड मुलांसमोर स्वतःच्या तोंडात टाकत, असं सांगतात. विज्ञान त्यांनी परीक्षेपुरतं ठेवलं नव्हतं. गच्चीवर, शेजाऱ्यांच्या शिव्या खातानाही ते सोबत होतं. मला वाटतं, शास्त्रज्ञाचा उद्योजक झाला तो इथे, भागभांडवल जमलं तेव्हा नव्हे. जे ठाऊक आहे त्याच्यासाठी चारचौघांत ओशाळं व्हायची तयारी झाली की ते ज्ञान कामाला येतं.

तुम्हाला जे नीट येतं, त्यासाठी तुम्ही शेवटचे ओशाळे कधी झालात? हा प्रश्न बोचरा आहे, म्हणून घाईने उत्तर देऊ नका. हिशेब येणाऱ्याने वस्तीतल्या बचतगटात जमिनीवर बसून वह्या तपासणं. निवृत्त इंजिनियरने गावच्या नळयोजनेच्या खड्ड्यात उतरणं. मोठ्या कंपनीत अधिकारी असलेल्या बाईने शाळेच्या पोषण आहाराचा साठा मोजणं. यातलं काहीही करताना पहिल्या दिवशी आपल्या हुद्द्याचं ओझं जाणवतं. ते जाणवू द्या.

रायांचा दिवस कसा जात असेल ते डोळ्यांपुढे आणा. सकाळी अभ्यास, मग कॉलेजात व्याख्यानं आणि प्रयोग, तिथून घरी आलं की औषधांच्या खोलीत. अडुळशाचं सरबत, ओव्याचा अर्क, कुड्याच्या सालीची औषधं. आपल्या आज्या जे काढे करत, ते प्रमाण ठरवून, गाळून, बाटलीत भरून डॉक्टरांपुढे ठेवायचे. परदेशी शिक्का नसलेलं औषध विकायला दुकानदार तयार नसत. डॉ. अमूल्यचरण बोस नावाचे मित्र सोबतीला आले. त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंना ही औषधं वापरायला लावली आणि गाडी रुळावर आली. सतीशचंद्र सिंह हा रसायनशास्त्र शिकलेला तरुण येऊन मिळाला.

मग दोघेही गेले. सतीशचंद्रांचा प्रयोगशाळेतच प्रुसिक आम्लाच्या विषाने अपघाती मृत्यू झाला. अमूल्यचरणांना १८९८ मध्ये प्लेगने ओढून नेलं, त्याच प्लेगने ज्याने पुण्या-मुंबईची घरं आधीच रिकामी केली होती. राय पुन्हा एकटे पडले. दुकान बंद करून निमूटपणे प्राध्यापकी करायला यापेक्षा सबळ कारण कोणतं हवं होतं?

इथे काही विचारायचं नाही. तुमच्याबरोबर एखादं काम सुरू केलेलं आणि आता नसलेलं माणूस आठवा. त्या माणसाबरोबर थोडा वेळ बसा. मग पुढे वाचा.

काम थांबलं नाही. १२ एप्रिल १९०१ रोजी 'बेंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स' ही मर्यादित कंपनी झाली. १९०५ मध्ये माणिकतल्याला कारखाना उभा राहिला, १९२० मध्ये पाणिहाटीला दुसरा, १९३८ मध्ये मुंबईला तिसरा. प्रभादेवी-वरळी भागातल्या जुन्या मुंबईकरांना बेंगाल केमिकल हे नाव जागेची खूण म्हणून तोंडपाठ असतं. फार थोड्यांना ठाऊक असतं की त्या खुणेचं मूळ एका गच्चीवरच्या हाडांत आहे. व्यवस्थापनाची धुरा रायांनी राजशेखर बसू यांच्यासारख्या तरुण रसायनशास्त्रज्ञावर सोपवली. हेच राजशेखर 'परशुराम' या नावाने बंगालीतले थोर विनोदी लेखक झाले. मालकी गाजवण्यात रायांना गोडी नव्हती. चार तरुणांना सन्मानाने रोजगार मिळाला आणि देशात देशाचं औषध झालं, हा त्यांचा नफा. कंपनीला पुढे वाईट दिवस आले. १९७७ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९८० मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं. ती आजही आहे.

मानसन्मान आले, ते मी भराभर सांगून टाकतो, कारण रायांनीही त्यांना फार वेळ दिला नाही. हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड १९०२ आणि १९०९ मध्ये निघाले. १९१६ मध्ये ते नव्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्समध्ये 'पालित' अध्यासनाचे प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये 'सर' ही पदवी आली. जानेवारी १९२० मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेस आपल्या नागपुरात भरली, तिचे अध्यक्ष तेच होते. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, पहिले अध्यक्ष पुन्हा तेच. यांपैकी एका गोष्टीपाशी मात्र थांबायला हवं. १९२१ मध्ये साठ वर्षं पुरी झाल्यावर त्यांनी आपला पगार विद्यापीठालाच, रसायनशास्त्र विभागाच्या कामासाठी देऊन टाकला, आणि त्यानंतर आणखी पंधरा वर्षं शिकवलं. राहायला सायन्स कॉलेजातली एक खोली. तिथेच पुस्तकं, तिथेच काही गरीब विद्यार्थी.

चाळीस रुपयांचा प्रश्न आता पुन्हा काढा, पण पैशाचा म्हणून नको. दिवसाच्या चोवीस तासांतले मला स्वतःसाठी किती लागतात? झोप, घर, पोटापाण्याचं काम, थोडा विरंगुळा. हे सगळं उदारपणे मोजा, कंजूषपणा करू नका. मग पाहा, ज्याला आपण 'वेळच नाही' म्हणतो, त्यात न ठरवता सांडलेले तास किती आहेत.

आणि आता पाणी.

सप्टेंबर १९२२ मध्ये उत्तर बंगालात अतिवृष्टी झाली. राजशाही, बोगुडा, पाबना या भागांत गावंच्या गावं बुडाली. घरं कोसळली, गुरं वाहून गेली, उभं भात कुजलं. आदल्या वर्षी खुलन्याच्या दुष्काळात राय मदतीसाठी फिरले होते, म्हणून लोकांनी आपसूक त्यांच्याकडे पाहिलं. बेंगाल रिलीफ कमिटी स्थापन झाली, अध्यक्ष राय, वय एकसष्ट. कचेरी सायन्स कॉलेजात. जिथे काल परीक्षानळ्या होत्या तिथे आज कपड्यांचे ढीग, तांदळाच्या नोंदी, मनीऑर्डरींच्या थप्प्या. सभोवती विद्यार्थी आणि अध्यापक. पूरग्रस्त भागात स्वयंसेवकांची तुकडी घेऊन गेला तो पंचवीस वर्षांचा सुभाषचंद्र बोस, आय. सी. एस.चा राजीनामा देऊन वर्षभरापूर्वीच मायदेशी परतलेला.

या इमारतीच्या दारात उभं राहून पाहा. एखादं गाडं येतं, गठ्ठे उतरतात. कुणी लुगडी वेगळी काढतंय, कुणी घोंगड्या मोजतंय. एक अशक्त, दाढीवाला, खादीतला म्हातारा यादी वाचतो आहे.

तो इथे काय करतो आहे? माझं उत्तर असं की तो तेच करतो आहे जे आयुष्यभर करत आला. आलेला माल किती, ठेवला कुठे, गेला किती, पोचला किती: कारखाना चालवणाऱ्याला हे चुकत नाही आणि मदतकार्याचा जीव यातच असतो. कळवळा पुष्कळांना येतो. कळवळ्याची पावती लिहून ती घोंगडी ठरल्या गावी पोचवणं फार थोड्यांना जमतं. लोकांनी लाखो रुपये रायांकडे दिले, कारण या माणसाला स्वतःसाठी काही ठेवायचं नाही हे सगळ्या बंगालला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. १९०२ मध्ये गोखल्यांच्या घरी सांगितलेला आकडा १९२२ मध्ये असा उपयोगी पडला. विश्वास संकटाच्या दिवशी उभा करता येत नाही.

शास्त्रज्ञही तिथे हजर होता. एवढं पाणी तुंबलं का, हा प्रश्न रायांनी सोडला नाही. रेल्वेचे उंच बांध आणि त्यांत पाणी जायला ठेवलेल्या अपुऱ्या मोऱ्या याला जबाबदार आहेत, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सुनावलं. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उत्तर बंगालातल्या सुमारे पन्नास वर्षांच्या पावसाचा आणि पुरांचा अभ्यास करून १९२७ मध्ये अहवाल दिला. पाणी अडवून धरण्यासाठी महागडे जलसाठे बांधण्यात अर्थ नाही, ते लवकर वाहून जाईल अशी वाट हवी, असा त्याचा निष्कर्ष होता. मदत देताना संकटाचं कारण शोधत राहणं हीसुद्धा सेवाच, आणि ती शिकलेल्या माणसाकडूनच अपेक्षित असते. २००५ ची मुंबई, २०१९ ची सांगली आणि कोल्हापूर आपण पाहिली आहेत. आपण चादरी दिल्या, तांदूळ दिला. पाणी कुठे आणि का अडलं, हे विचारत टिकून राहणारे मात्र थोडेच निघाले.

शेवटचं थांबणं इथे घेऊ, जरा लांब.

तुमच्या हातांकडे पाहा. या हातांना आणि या डोक्याला जे येतं, त्यातल्या तीन गोष्टी मनात म्हणा. मोठी नावं देऊ नका. 'साठ्याची नोंद ठेवता येते.' 'रागावलेल्या माणसाशी बोलता येतं.' 'यंत्राचा आवाज ऐकून बिघाड कळतो.' मग विचारा: आजवर हे मी कुणासाठी केलं? मालकासाठी, ग्राहकासाठी, घरासाठी. हे सगळं योग्यच होतं. आता त्या यादीत आणखी एक नाव घालायचं तर कुणाचं? मनात जो चेहरा येईल तो येऊ द्या, बदलू नका.

रायांच्या शिष्यांत सतीशचंद्र दासगुप्ता होते. बेंगाल केमिकलच्या कारखान्याची व्यवस्था पाहणारे हुशार रसायनशास्त्रज्ञ. आग विझवण्याचं यंत्र तिथे त्यांनीच तयार केलं. १९२० च्या दशकात ते नोकरी सोडून कोलकात्याजवळ सोदपूरला खादी प्रतिष्ठान उभारायला गेले. दंगलीने होरपळलेल्या नोआखालीला निघण्यापूर्वी १९४६ मध्ये गांधी तिथेच राहिले होते. दासगुप्तांनी पूर्ण वेळ दिला, गुरूने वर्गही चालू ठेवला. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. कोणती मोठी हे ठरवत बसण्यात वर्षं घालवणाऱ्या माणसांबद्दल मात्र मला वाईट वाटतं.

म्हणून आता उठा आणि एक काम करा. मघाशी मनात आलेला चेहरा ज्या शाळेत, दवाखान्यात, वृद्धाश्रमात किंवा वस्तीत भेटेल, तिथल्या जबाबदार माणसाला या आठवड्यात भेटा. 'मला हे-हे येतं, तुम्हाला यातलं काय लागतं?' असं विचारा. ते सांगतील ते कदाचित तुमच्या हुद्द्याला साजेसं नसेल, तरी घ्या. आणि निघताना आठवड्यातला एक वार त्यांना सांगून या, म्हणजे ते तुमची वाट पाहतील.